बॅरनच्या धक्क्यावरचा गाळ

मागच्या एप्रिलमध्ये दादा-वहिनीकडे बाल्टिमोरला तीन आठवडे राहून आले, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घर करून बसलीय, ती लिहून काढायचं रोज ठरवते आणि रोज राहून जातं, आज मात्र लिहितेच.

तिथे पोचल्यावर दादाने विचारलं काय काय बघायचंय, तर मी म्हटलं मला फेल्स पॉइंटला ने, बाकी कुठे नाही नेलंस तरी चालेल. त्याला वाटलं जुनी वस्ती, दगडी रस्ते, खाण्याची ठिकाणं म्हणून म्हणत असेन. मला जायचं होतं ते जॉन बॅरन नावाच्या माणसाचा धक्का जिथे होता तो किनारा बघायला. धक्का म्हणजे आपला भाऊचा धक्का असतो तसा, बोटी लागायच्या, माल उतरायचा. लॉ कॉलेजात असताना या बॅरनचं नाव एका ओळीत येऊन गेलेलं, 'बॅरन विरुद्ध बाल्टिमोर, १८३३, हक्कांची सनद राज्यांना लागू नाही' (सनद म्हणजे अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या), एवढं पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला. त्या ओळीच्या आत एक माणूस आहे, त्याचं पाणी आहे, त्याचा गाळ आहे, हे तेव्हा कळलंच नव्हतं.

आम्ही गेलो त्याच्या आदल्या रात्री चांगला पाऊस पडून गेलेला. टेम्स स्ट्रीटच्या कडेला उभं राहिलं की समोर बंदर, पलीकडच्या काठावर साखर कारखान्याची ती मोठी पाटी, आणि खाली पाणी बघितलं तर चहासारखं. काठाला काटक्या, पानं, प्लॅस्टिकचे ग्लास, सगळं चिकटलेलं. दादा म्हणाला पाऊस झाला की दोन दिवस असंच असतं, वरच्या टेकड्यांवरून जोन्स फॉल्स सगळं घेऊन येतो. नावात फॉल्स असलं तरी तो धबधबा नाही, ओढा आहे, आमच्याकडे व्हाळ म्हणतात तसला, फक्त मोठा, शहराच्या पोटातून बोगद्यातनं येतो आणि बंदरात उतरतो. त्याच्या तोंडाशी २०१४ पासून एक पाणचक्की बसवलीय, ती आलेला कचरा वर ओढून कंटेनरमध्ये टाकत राहते, तिला मोठे डोळे लावलेत, पोरं फोटो काढतात. मी पण काढला. पण माझ्या मनात सारखं हेच येत होतं, की बघ, दोनशे वर्षं झाली आणि वरचं पाणी अजून खालच्या माणसाकडे वरचं सगळं घेऊन येतंच आहे.

आता मूळ गोष्ट.

बाल्टिमोर त्या काळात नुसतं सुटलेलं होतं. १८०० साली साडेसव्वीस हजार वस्ती, १८३० साली ऐंशी हजारांच्या वर, म्हणजे अमेरिकेतलं दुसऱ्या नंबरचं शहर. इतकं भराभर वाढणारं गाव म्हणजे रस्ते पाहिजेत, फरसबंदी पाहिजे, चढउतार सारखे करायला पाहिजेत, बांध घालायला पाहिजेत, आणि टेकड्यांवरून येणारे ओढे मध्ये येतात तर त्यांना वळवायला पाहिजे. म्युनिसिपालिटीने हे सगळं केलं, साधारण १८१५ ते १८२१ च्या दरम्यान, आणि मेरीलँडच्या विधिमंडळाने त्यांना तसे अधिकार दिलेलेच होते, म्हणजे बेकायदा काही नाही. माझं म्हणणं असं अजिबात नाही की कोणी वाईट हेतूने केलं. रस्ते कुणाला नकोत?

पण ओढा वळवला तरी पाणी जातं कुठेतरी. आणि एकटं पाणी जात नाही, सोबत माती, वाळू, खडी घेऊन जातं, खणलेल्या रस्त्यांची सुटी माती तर आणखीच. हे सगळं जाऊन बसायला लागलं जॉन क्रेग आणि जॉन बॅरन या दोन भागीदारांच्या धक्क्यासमोर. धक्क्याची सगळी किंमत पाण्याच्या खोलीत असते. लाकूडकाम कितीही पक्कं असू दे, गोदाम कितीही मोठं असू दे, समोर खोल पाणी नसेल तर भरलेलं जहाज तिथे येऊच शकत नाही, ते जातं शेजारच्याकडे. दरवर्षी पावसाबरोबर थोडी माती, पुढच्या वर्षी अजून थोडी, असं होत होत समोरचं पाणी इतकं उथळ झालं की मोठी जहाजं लागेनाशी झाली. धक्का जागच्या जागी. कागदावर मालक तेच. म्युनिसिपालिटीने त्यांची इंचभर जमीन घेतली नाही, एक फळी काढली नाही, कुणी नोटीस घेऊन आलं नाही. तरी धंदा गेला.

मला या खटल्यातलं हे सगळ्यात जास्त लागतं. सरकारने जप्त केलं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कुलूप, सील, पोलिस, बुलडोझर असलं काहीतरी येतं. इथे नुसता वर कुठेतरी व्हाळ वळवलाय.

हे मला इतकं का लागतं ते सांगते. आमच्या गावाला, रत्नागिरी जिल्ह्यात, मी नववीत असताना वरच्या अंगाने रस्ता झाला. रस्ता हवाच होता, आजारी माणसाला डोलीत घालून न्यायला लागायचं त्याआधी. पण रस्त्याच्या भरावाखाली मोरी टाकली ती एकच आणि अरुंद, आणि ती पण व्हाळाच्या जुन्या वाटेवर न टाकता पंचवीस-तीस पावलं अलीकडे. पहिल्याच पावसात सगळं पाणी आमच्या परड्यात. आणि परड्यातल्या विहिरीत. मला अजून आठवतंय, गणपतीच्या आधी आप्पा आणि दोन गडी विहिरीत उतरून गाळ काढत होते, लाल चिखलाची घमेली वर येत होती आणि आई काठावर उभी राहून मोजत होती, मोजून काय होणार होतं कोण जाणे, पण ती मोजत होती. पोफळीची सात झाडं त्या वर्षी मुळं कुजून गेली. आप्पांनी अर्ज केला. माणसं आली, टेप लावून मोजलं, पंचनामा झाला, सह्या झाल्या. नुकसान झालंय हे कुणीच नाकारलं नाही. पण पुढे जिथे गेले तिथे एकच उत्तर, की हे आमच्याकडे येत नाही. एका टेबलावर म्हणाले जमीन संपादन केलेली नाही तर मोबदला कसला, दुसरीकडे म्हणाले हे नैसर्गिक आपत्तीत बसत नाही, तिसरीकडे म्हणाले काम दुसऱ्या खात्याचं आहे. आप्पा तीन वर्षं चपला झिजवत राहिले आणि मग एक दिवस ती फाईल त्यांनी माळ्यावर टाकली. मी लॉला गेले त्याचं कारण ती फाईल आहे, हे आप्पांना मी कधी सांगितलेलं नाही.

तर बॅरनकडे परत.

क्रेग आणि बॅरन कोर्टात गेले. खालच्या कोर्टात ज्युरीपुढे खटला चालला आणि ते जिंकले, ४,५०० डॉलर भरपाई मंजूर झाली. ज्युरी म्हणजे त्याच शहरातली, त्याच रस्त्यांवरून चालणारी माणसं, त्या फरसबंदीचा फायदा त्यांना पण होतच होता, तरी त्यांनी म्हटलं की या दोघांचं नुकसान झालंय, द्या पैसे. मग म्युनिसिपालिटी अपिलात गेली आणि मेरीलँडच्या अपील कोर्टाने १८३० च्या डिसेंबरात निकाल उलटा केला. नुसता उलटा केला नाही, फेरसुनावणीला पण परत पाठवला नाही, म्हणजे राज्यात दार बंद. मेरीलँडच्या १७७६ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात देशाच्या कायद्याशिवाय कुणाची जमीन हिरावून घेता येणार नाही अशा अर्थाचं कलम होतं, पण भरपाई दिल्याशिवाय मालमत्ता घेता येणार नाही असं स्वच्छ शब्दात नव्हतं.

तोपर्यंत क्रेग वारले होते. पुढच्या कागदांवर नाव येतं ते असं, 'जॉन क्रेगच्या मागे उरलेला जॉन बॅरन', आणि क्रेगच्या मृत्युपत्राचा अंमलदार म्हणून ल्यूक टियरनन. कायद्याच्या पुस्तकात खटल्याचं नाव छोटं करून दोन शब्दांवर आणतात, पण मूळ नाव पूर्ण वाचलं की एक भागीदार वाट बघत बघत गेला हे नावातच दिसतं.

राज्यात दार बंद झाल्यावर बॅरनपुढे एकच वाट राहिली, वॉशिंग्टन. तिथे जायचं तर केंद्रीय घटनेतला काहीतरी मुद्दा लागतो, आणि त्याच्या वकिलाने, चार्ल्स मेयरने, पाचव्या घटनादुरुस्तीचं शेवटचं वाक्य धरलं. ते वाक्य साधारण असं आहे, की सार्वजनिक कामासाठी खाजगी मालमत्ता योग्य भरपाईशिवाय घेतली जाणार नाही. मेयरचं म्हणणं असं की हे तत्त्व नागरिकाच्या बचावासाठी आहे, ते जसं केंद्र सरकारला बांधतं तसंच राज्याला आणि राज्याच्या पोटातल्या म्युनिसिपालिटीला पण बांधलं पाहिजे.

आता इथे शाळेतलं मराठी व्याकरण आठवा. 'घेतली जाणार नाही'. कर्मणी प्रयोग. कर्ता कुठेय? कोण घेणार नाही? केंद्र घेणार नाही, की राज्य घेणार नाही, की म्युनिसिपालिटी, की यातलं कुणीच घेणार नाही? मूळ इंग्रजी वाक्यात पण कर्ता नाही. पहिल्या घटनादुरुस्तीत आहे, तिथे काँग्रेस, म्हणजे त्यांची संसद, असा कायदा करणार नाही असं सरळ म्हटलंय. पाचवीत नाही. बॅरनच्या ४,५०० डॉलरचं भवितव्य त्या न लिहिलेल्या कर्त्यावर येऊन टेकलं.

सुप्रीम कोर्ट तेव्हा आताच्या त्या संगमरवरी खांबांच्या इमारतीत नव्हतं, ते कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदेच्या इमारतीच्या, खालच्या मजल्यावर, सिनेटच्या खाली, कमी उंचीच्या एका दालनात बसायचं. फेब्रुवारी १८३३. सरन्यायाधीश जॉन मार्शल, वय ७७, त्या खुर्चीत १८०१ पासून. म्युनिसिपालिटीच्या बाजूने जॉन स्कॉट आणि रॉजर टॉनी, हे टॉनी त्या वेळी देशाचे अ‍ॅटर्नी जनरल होते, पण तेव्हा ते पद सांभाळून खाजगी वकिली करता यायची. मेयरचा युक्तिवाद झाला, आणि टॉनी-स्कॉट उठायच्या आतच कोर्टाने त्यांना थांबवलं की तुम्ही बोलायची गरज नाही. कोर्टात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा याचा अर्थ काय ते. समोरच्या वकिलाला बोलूच नका म्हटलं की आपण संपलो. बॅरन त्या दिवशी दालनात होता की बाल्टिमोरला, ते काही असो, तो क्षण माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

१६ फेब्रुवारीला निकाल आला, एकमताने. मार्शल सुरुवातीलाच म्हणतात की प्रश्न फार महत्त्वाचा आहे पण फारसा अवघड नाही. हे वाक्य पहिल्यांदा पूर्ण निकालपत्रात वाचलं तेव्हा मला राग आला होता. दहाबारा वर्षं पाणी उथळ होत गेलेल्या माणसाला फारसं अवघड नाही?

पण नंतर शांतपणे तीनचार वेळा वाचलं आणि कबूल करायला पाहिजे, युक्तिवाद पक्का आहे. ते म्हणतात की ही घटना अमेरिकेच्या लोकांनी स्वतःसाठी, स्वतःच्या केंद्र सरकारसाठी केली, एकेका राज्याच्या सरकारसाठी नाही, राज्यांच्या आपापल्या घटना आहेत. मग ते मूळ घटनेतली दोन कलमं शेजारी शेजारी ठेवतात, पहिल्या अनुच्छेदाचं नववं आणि दहावं. नवव्या कलमात कर्मणी प्रयोग, अमुक प्रकारचा कायदा केला जाणार नाही, कर्ता नाही. आणि लगेच दहाव्यात तीच बंधनं परत आलीत पण आता कर्त्यासकट, 'कोणतंही राज्य' असा कायदा करणार नाही. आता नववं जर सगळ्यांना लागू असतं तर दहाव्यात तेच परत लिहायचं कारण काय? म्हणजे जिथे कर्ता नाही तिथे तो केंद्र समजायचा, आणि राज्यांना बांधायचं असेल तिथे घटनाकारांनी राज्य हा शब्द लिहिलेला आहे. दुरुस्त्या करणाऱ्यांना राज्यांना बांधायचं असतं तर त्यांनी तोच कित्ता गिरवला असता. शिवाय या दुरुस्त्या आल्याच मुळात नव्या केंद्र सरकारच्या धास्तीने, राज्यांच्या धास्तीने नाही. त्यामुळे पाचवी दुरुस्ती मेरीलँडला लागू नाही, घटनेशी विसंगत असं काही इथे नाही, म्हणून या कोर्टाला हा खटला चालवायचा अधिकारच नाही, खटला काढून टाकला.

हे आमच्याकडे येत नाही.

आणि बघा, धक्क्यासमोर गाळ साचला की नाही, गाळ साचवणं म्हणजे मालमत्ता घेणं होतं की नाही, ओढा वळवणाऱ्याची जबाबदारी किती, यातल्या एकाही गोष्टीवर मार्शल एक शब्द बोलत नाहीत. तिथपर्यंत जायची वेळच आली नाही. बॅरन हरला तो त्याचं म्हणणं खोटं ठरलं म्हणून नाही.

एक गोष्ट त्या काळाबद्दल सांगायला हवी. त्याच महिन्यात साउथ कॅरोलायना राज्य केंद्राच्या जकातीवरून अंगावर आलं होतं, केंद्राचा कायदा आमच्या हद्दीत चालणार नाही म्हणत होतं, अध्यक्ष जॅक्सन लष्कराची भाषा करत होते. अशा वेळी कोर्टाने सगळ्या राज्यांच्या कारभारावर केंद्रीय हक्कांचं बंधन टाकलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार त्या दालनात कुणाच्याच मनात नव्हता असं मला वाटत नाही. पण हे माझं मत, निकालात तसं काही नाही. आणि असंही नाही की राज्यांना बांधावं हे कुणाला सुचलंच नव्हतं. जेम्स मॅडिसनने १७८९ मध्येच एक दुरुस्ती सुचवलेली, की कोणतंही राज्य विवेकाचं स्वातंत्र्य, वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य आणि फौजदारी खटल्यातला ज्युरीचा हक्क मोडणार नाही, आणि सगळ्या यादीतली ही सर्वात मोलाची आहे असं तो म्हणाला होता. प्रतिनिधीगृहाने ती मंजूर केली, सिनेटने काढून टाकली. त्यात मालमत्ता नव्हती तशीही, बॅरनला उपयोग झाला नसता, पण कर्ता लिहिलेला होता.

आता टॉनींबद्दल, ज्यांना त्या दिवशी बोलायची पण गरज पडली नाही. मार्शल १८३५ मध्ये गेले आणि १८३६ मध्ये हेच टॉनी सरन्यायाधीश झाले. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यातला निकाल त्यांचा. त्या निकालात त्यांनी तीच पाचवी दुरुस्ती हातात घेतली आणि म्हटलं की गुलाम ही मालकाची मालमत्ता आहे आणि नुसता तो अमुक प्रदेशात आला म्हणून काँग्रेस ती काढून घेऊ शकत नाही. मी हे दोन निकाल एका रात्री पाठोपाठ वाचले आणि मला झोप लागली नाही. फेल्स पॉइंटच्या त्याच काठावर, धक्क्याचा खटला चालू होता त्याच काळात, फ्रेडरिक डग्लस नावाचा पोरगा गुलाम म्हणून राहत होता, बोटी बांधणाऱ्या कारखान्यांच्या आसपास वावरत, लपूनछपून अक्षरं शिकत होता. बॅरनचा धक्का वाचवायला जी दुरुस्ती पोचली नाही, ती डग्लससारख्या माणसांच्या मालकांपर्यंत बरोबर पोचली. टॉनींचा एक पुतळा बाल्टिमोरमध्ये माउंट व्हर्नन भागात होता, तो २०१७ च्या ऑगस्टमध्ये शहराने काढला. दादाने मला ती जागा दाखवली.

यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली, आणि मग ओहायोचे जॉन बिंगहॅम आले. चौदावी घटनादुरुस्ती, १८६८ ची, तिच्या पहिल्या कलमाचे मुख्य शिल्पकार. ते काँग्रेसमधल्या चर्चेत बॅरनचा निकाल वाचून दाखवायचे. नंतर १८७१ मध्ये त्यांनी सांगितलंय की मार्शल म्हणाले होते ना, राज्यांना बांधायचं असतं तर मूळ घटनाकारांचा कित्ता गिरवला असता, तर मी तो अक्षरशः गिरवला. म्हणून चौदाव्या दुरुस्तीत शब्द येतात 'कोणतंही राज्य'. कोणतंही राज्य माणसाचा जीव, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय हिरावून घेणार नाही. कर्ता आला. पस्तीस वर्षांनी, आणि लाखो माणसं युद्धात मेल्यावर आला.

तरी कोर्टाला तो मानायला अजून वेळ लागला. शिकागो शहराने एका रेल्वे कंपनीच्या रुळांवरून रस्ता नेला, ज्युरीने भरपाई दिली एक डॉलर, खटला सुप्रीम कोर्टात गेला. तेव्हा १८९७ मध्ये न्यायमूर्ती हार्लन यांनी लिहिलं की राज्याने योग्य भरपाईशिवाय मालमत्ता घेणं हे चौदाव्या दुरुस्तीच्या विरुद्ध आहे. बॅरनला जे ऐकायचं होतं ते वाक्य अखेर लिहिलं गेलं, मात्र तो एक डॉलर कोर्टाने कायम ठेवला, कारण रूळ तसेच वापरात राहणार होते. आणि गाळाचा प्रश्न, म्हणजे हात न लावता घेणं, त्याच्या जवळ कोर्ट आलं १८७१ मध्ये पंपेली नावाच्या माणसाच्या खटल्यात. विस्कॉन्सिनमध्ये एका कंपनीने धरण बांधलं, विनेबॅगो सरोवराचं पाणी चढलं आणि याची ६४० एकर जमीन पाण्याखाली. कंपनी म्हणाली आम्ही काही घेतलं नाही, जमीन त्याचीच आहे. न्यायमूर्ती मिलर म्हणाले की सरकारने जमिनीची किंमत पार नाहीशी करायची आणि वर शब्दाच्या अरुंद अर्थाने 'घेतलं' नाही म्हणून भरपाई द्यायची नाही, असा अर्थ लावला तर ते भलतंच होईल. तो निकाल विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेतल्या कलमावर होता. हा परिच्छेद मी आप्पांसाठी मराठीत लिहून काढलाय, त्यांच्या त्या फाईलमध्ये ठेवलाय.

मेरीलँडने पण स्वतःची चूक सुधारली, १८५१ च्या राज्यघटनेत स्वच्छ लिहिलं की भरपाई आधी द्या किंवा पुढे करा, मगच खाजगी मालमत्ता घ्या.

आणि आता जी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे ती. आपली घटना घडत होती तेव्हा १९४८ मध्ये मसुद्याच्या सातव्या अनुच्छेदावर चर्चा झाली, आज तो बारावा आहे. त्यात फक्त एवढंच ठरवायचं होतं की मूलभूत हक्कांच्या भागात 'राज्य' म्हणजे कोण. डॉ. आंबेडकरांनी उत्तर देताना सांगितलं की हे हक्क केंद्रावर बंधनकारक असून भागणार नाही, प्रांतांवर असून भागणार नाही, ते जिल्हा लोकल बोर्डांवर, म्युनिसिपालिट्यांवर, अगदी ग्रामपंचायती आणि तालुका बोर्डांवर पण बंधनकारक असले पाहिजेत, कायद्याने निर्माण झालेल्या आणि नियम करायचा अधिकार असलेल्या प्रत्येकावर. त्यांनी बॅरनचं नाव घेतलं नाही. पण अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या, अमेरिकेची घटना ओळ न् ओळ माहीत असलेल्या माणसाने हे वाक्य म्हटलंय, आणि मी ते वाचते तेव्हा मला तो धक्का दिसतो. म्युनिसिपालिटी हा शब्द त्यांनी तोंडाने उच्चारलाय. हक्क सांगायच्या आधी कर्ता कोण ते ठरवून टाकलं, वर्षानुवर्षं कुणी वाट बघायला नको म्हणून. मालमत्तेचा हक्क आपल्याकडे ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघून ३०० अ मध्ये गेला ही वेगळी आणि मोठी गोष्ट आहे, त्यावर परत कधीतरी लिहीन. पण 'हे तुम्हाला लागू होतं की नाही' या प्रश्नावर आपल्या म्युनिसिपालिटीला पळवाट नाही.

फेल्स पॉइंटहून मी त्या चहासारख्या पाण्याचा फोटो आप्पांना पाठवला, आणि रात्री व्हिडिओ कॉलवर बॅरनची सगळी गोष्ट सांगितली. निकाल, मार्शल, कलमं, सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मध्ये एकदा पण थांबवलं नाही. मग विचारलं,

"तिथे भरती किती येते?"

मी दादाकडे बघितलं, दादाने फोनवर बघून सांगितलं की जेमतेम फूटभर.

"फूटभर?" आप्पा म्हणाले. "मग रे काय. आपल्या खाडीला पुरुषभर चढतं, ओहोटीला ओढून नेतं तरी थोडं. फूटभर भरतीत गाळ जाणार कुठे, तो त्याच्या दारातच बसणार. हे त्या कोर्टात कुणी सांगितलं का?"

मी म्हटलं निकालात त्यातलं काही नाही.

"पाणी वळवणाऱ्याने आधी हे बघायचं असतं," असं म्हणून ते आईला हाक मारायला लागले, आणि मग आई आली आणि बोलणं तिथल्या थंडीवर गेलं.